नांगी भरली की रोप आखडतं: आंब्याच्या कोवळ्या झाडांवर पॅक्लोब्युट्राझोलचा परिणाम, ओळख आणि उपाय

जुन्या आंबा बागेत मेलेल्या झाडाच्या रिकाम्या जागी, म्हणजे नांगीत, लावलेलं कलम वाढतच नाही, ही तक्रार सांगली जिल्ह्यातल्या मिरज, कवठे महांकाळ, जत, आटपाडी या पट्ट्यात वारंवार ऐकू येते. लावल्यावर पहिली पालवी झकास फुटते. दुसरी जरा बेताची येते. तिसऱ्या पालवीला पेरं इतकी आखूड होतात की पान पानाला चिकटून बसतं, शेंड्याला काळपट हिरव्या, जाड पानांचा झुबका तयार होतो आणि झाड तिथंच उभं राहतं. वर्षभर वाट बघून ते उपटलं जातं, त्याच खड्ड्यात दुसरं लावलं जातं आणि त्याचंही तेच होतं. मग ‘रोपच खोटं दिलंय बघा’ म्हणून नर्सरीवाल्याला बोल लावला जातो, जस्त फवारलं जातं, युरिया वाढवला जातो, हुमणी शोधायला आळं उकरलं जातं. हाताला काही लागत नाही.

अशा बागेत मी पहिला प्रश्न एकच विचारतो: मोठ्या झाडांना कल्टार, म्हणजे वाढ रोखणारं पॅक्लोब्युट्राझोल, कधी घातलं होतं? ‘दरसाल घालतो की, जुलै-ऑगस्टात’ असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा रोपात खोट नसते. दोष त्या खड्ड्याच्या आणि आसपासच्या मातीत असतो. माती न तपासता तिथं तिसरं, चौथं कलम लावणं म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही वाया घालवणं.

सीसीसीची सवय इथं नडते

आपल्याकडचा बागायतदार मुळात द्राक्षाचा. तासगाव, पलूस, मिरज, कवठे महांकाळ भागात वाढ रोखायचं औषध म्हटलं की डोळ्यांसमोर सीसीसी येतं, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला ते पानांवर फवारतात. शेंडा काही दिवस थबकतो आणि मग वेल पुन्हा चालायला लागते. जमिनीत सीसीसी फार काळ टिकत नाही. (वेलीत मात्र त्याचे अंश राहतात. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर त्याच कारणानं अडकले होते, हे निर्यात करणाऱ्या कुणालाही विसरता येणार नाही.)

टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आलं, दुष्काळी भागात केशरच्या बागा उभ्या राहिल्या, काहींनी द्राक्षबाग काढून त्याच रानात आंबा लावला. झाड बदललं, पण औषधाबद्दलची समजूत सीसीसीचीच राहिली: जास्त झालं तरी महिन्या-दीड महिन्यात उतरेल. पॅक्लोब्युट्राझोल तसं उतरत नाही. हे जमिनीतून द्यायचं औषध आहे आणि जमिनीत ते काही महिन्यांपासून वर्षाहूनही जास्त काळ शिल्लक राहू शकतं. दरसाल घातलं तर मागच्या वर्षीचं संपायच्या आत नवं येऊन पडतं. मोठं झाड ते झेलतं. शेजारच्या नांगीतलं हातभर उंचीचं कलम झेलू शकत नाही.

झाडात नेमकं काय होतं

झाडाच्या शेंड्यात जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. पेशी लांबवण्याचं, म्हणजेच पेरं वाढवण्याचं काम त्याचं. एंट-कॉरीन नावाच्या पदार्थापासून जिबरेलिन बनायची जी साखळी आहे, तिच्यातला सुरुवातीचाच एक टप्पा पॅक्लोब्युट्राझोल अडवतं. नवीन पेशी तयार होतच राहतात, फक्त त्या लांबत नाहीत. म्हणून आखडलेल्या शेंड्यावर पानांची संख्या कमी नसते, पानांमधलं अंतर गेलेलं असतं. मोठ्या झाडात हाच परिणाम आपल्याला हवा असतो: वाढ थांबते, काडी पिकते, मोहोर लवकर आणि हमखास येतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट त्याच्या वाटेची. मुळानं घेतलेलं औषध पाण्याबरोबर वर शेंड्याकडे चढतं. वरून खाली मुळाकडे ते जवळजवळ येत नाही. त्यामुळे शेंडा छाटून औषध निघून गेलं असं होत नाही. जोवर मुळाशी शिल्लक आहे, तोवर दर पालवीला नवा हप्ता वर चढत राहतो. छाटणी केली, तरी फुटलेला कोंब पुन्हा आखूडच का निघतो, याचं कारण हे.

पहिली पालवी चांगली येण्याचं कारणही मुळातच आहे. पिशवीतून काढलेल्या कलमाची मुळं सुरुवातीला नर्सरीच्या मातीच्या गोळ्यातच असतात. पांढरी मुळी त्या गोळ्याबाहेर, खड्ड्याच्या मातीत शिरली की मग त्रास सुरू होतो.

फांदी उलटी वाचा

निदानासाठी सगळ्यात उपयोगी पुरावा फांदीवरच असतो आणि तो बघायला पैसा लागत नाही. आंबा सलग वाढत नाही, टप्प्याटप्प्यानं पालवी फेकतो. प्रत्येक पालवी जिथं संपते, तिथं पानांच्या व्रणांची दाट वळी राहते. शेंड्यापासून बुंध्याकडे बोटानं एकेक वळी मोजत खाली या आणि दोन वळ्यांमधलं अंतर बघा. तळाशी वीतभर लांबीची पालवी, तिच्यावर चार बोटांची, तिच्यावर बोटभर आणि शेवटी नुसता झुबका, असं दिसलं तर लांबी जिथं एकदम तुटली, तो औषध पोचल्याचा काळ. त्या सुमाराला बागेत काय घातलं होतं ते वहीत किंवा दुकानाच्या पावत्यांत शोधा. पुष्कळदा तारीख जुळते.

आता पान हातात घ्या. या दोषात पान लहान, जाड आणि नेहमीपेक्षा गडद हिरवं असतं. पाठ किंचित वाकलेली, पृष्ठभाग चुरगळल्यासारखा. पिवळेपणा नसतो, हे लक्षात ठेवा. जस्ताच्या कमतरतेतही पानं बारीक होतात आणि शेंड्याला गोळा होतात, पण ती अरुंद असतात आणि शिरांमधला भाग फिकट पडतो. गडद हिरव्या पानाला जस्त मारत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा घोटाळा होतो तो गुच्छरोगाशी, म्हणजे माल्फॉर्मेशनशी. तो बुरशीमुळे होतो. त्यात एखाद-दुसऱ्या फांदीच्या टोकाला फुगीर, बारीक खवल्यासारख्या पानांचा गच्च गोळा दिसतो आणि त्याच झाडाच्या बाकीच्या फांद्या सरळ वाढत असतात. औषधाच्या दोषात झाडाचे सगळे शेंडे कमी-जास्त प्रमाणात आखडतात. गुच्छरोगाची फांदी गोळ्याच्या बरीच खाली, निरोग्या लाकडात कापून जाळायची असते. औषधाच्या दोषात तीच कात्री चालवली तर आधीच अशक्त असलेलं झाड आणखी मागे पडतं. म्हणून या दोन्हींतला फरक ओळखल्याशिवाय कात्री उचलू नका.

तणनाशकाचा फटका असेल तर पान पट्टीसारखं अरुंद होतं किंवा देठ पिळवटतो, आणि बांधाकडच्या, वाऱ्याच्या बाजूच्या ओळींत तो जास्त दिसतो. फुलकिड्यांनी कोवळी पालवी खाल्ली असेल तर पानाच्या कडा वळतात आणि मागच्या बाजूला करडे-तपकिरी ओरखडे दिसतात, पण पेरं आखूड होत नाहीत. कृष्णाकाठच्या खारपड रानात पानाचं टोक आणि कडा जळतात. तिथं आधी मातीची क्षारता तपासून घ्या, कारण क्षारानंही झाड खुजं राहतं आणि त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे.

एक खूण फार बोलकी आहे. दीड-दोन वर्षांचं, गुडघ्याएवढं कलम डिसेंबर-जानेवारीत मोहोरानं लगडलं असेल आणि तो मोहोरही सुटा न येता आखूड, गच्च, कोबीसारखा असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. कलमाला लवकर मोहोर येतो हे खरं, पण तो असा दाबून बसवल्यासारखा नसतो. अशा गच्च मोहोरात ओल आणि तुडतुडे दोन्ही अडकतात, भुरीही लवकर येते.

औषध तिथं पोचलं कसं

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मजुराच्या हातातलं एकच माप. हापूससाठी कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती झाडाच्या विस्ताराच्या प्रति मीटर व्यासाला ३ मिली, म्हणजे मूळ रसायन ०.७५ ग्रॅम, तीही दहा वर्षांवरच्या झाडांना, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. औषध ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या साधारण मध्यावर पाडलेल्या छोट्या भोकांतून ते द्यायचं. ६ मीटर विस्ताराच्या झाडाला याप्रमाणे १८ मिली बसतात. आता त्याच ओळीतल्या नांगीत अर्धा मीटर विस्ताराचं कलम आहे. नुसत्या हिशोबानंही त्याला दीड मिली होतात, आणि वय बघता त्याला काहीच द्यायचं नाही. पण सकाळी बादलीत द्रावण कालवलेलं असतं, गडी ओळीनं चालत असतो, ‘आण्णा, सगळ्यांना एकेक तांब्या घातला’ असं संध्याकाळी सांगतो. त्या कलमाच्या वितभर मुळांवर हिशोबाच्या बारा पट औषध पडलेलं असतं.

ठिबकमधून सोडणं तर त्याहून वाईट. ठिबकच्या पाण्यात औषध ओढणाऱ्या व्हेंच्युरीला झाडाचं वय कळत नाही. प्रत्येक ड्रिपरमधून सारखंच औषध पडतं, मोठ्या झाडाला कमी आणि रोपाला मारक. शिवाय लॅटरल (ओळीतली ठिबकची नळी) धुतली नाही तर शेवटच्या झाडांना उरलेलंही जातं. पॅक्लोब्युट्राझोल ठिबकमधून देऊ नका, हे मी ठामपणे सांगतो, बागेत सगळी झाडं एकाच वयाची असली तरीसुद्धा.

तिसरं कारण डब्यावरच्या टक्केवारीचं. जुन्या शिफारशी २३ टक्के एससीवर (पाण्यात कालवायच्या दाट मिश्रणावर) बेतलेल्या आहेत, ज्यात लिटरला २५० ग्रॅम मूळ रसायन असतं. बाजारात ४० टक्क्यांचंही मिळतं. मिलीचा आकडा तोच ठेवून डबा बदलला, तर डोस दीडपटीहून जास्त होतो. दुकानदारानं ‘हे पण तेच’ म्हणून दिलं, तरी टक्के वाचूनच मिली ठरवा.

सघन लागवडीत, म्हणजे १४ फुटांच्या ओळीत तीन-पाच फुटांवर लावलेल्या झाडांत, एका झाडाला घातलेलं दुसऱ्याला मिळणारच. मुळं एकमेकांत गेलेली असतात. तिथं नांगी भरायची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना त्या वर्षी औषध देऊच नये.

याखेरीज काही आडवाटा आहेत. आंतरपीक म्हणून घेतलेल्या सोयाबीनची किंवा भुईमुगाची उंची रोखायला याच रसायनाची फवारणी झालेली असते आणि ती ओळीतल्या रोपांवर, आळ्यात पडते. बाग खंडानं दिलेली असते आणि घेणाऱ्यानं आपल्या दोन हंगामांसाठी भरपूर औषध घातलेलं असतं. मालकाला ते कळतही नाही. रोप नर्सरीतच बुटकं ठेवून पिशवीत फळ दाखवायला औषध दिलेलं असू शकतं. आणि एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही बुरशीनाशकं याच ट्रायझोल कुळातली आहेत. मर रोगाच्या धास्तीनं रोपाच्या बुंध्याशी त्यांची वरचेवर आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतलं, तर सौम्य स्वरूपात हाच आखडलेपणा दिसू शकतो.

खात्री करायची: तीन कुंड्या आणि एक फांदी

मातीतला अंश प्रयोगशाळेत मोजता येतो. निर्यातीच्या द्राक्षांमुळे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या भागाला नव्या नाहीत. पण खर्च करण्याआधी घरची चाचणी करा, ती पुरेशी बोलते.

आखडलेल्या रोपाच्या आळ्यातली १०-१५ सेंटिमीटर खोलीवरची, पांढऱ्या मुळीजवळची माती घ्या. तिनं दोन कुंड्या भरा. तिसऱ्या कुंडीत त्याच रानाच्या बांधावरची, जिथं कधी औषध पडलेलं नाही अशी, त्याच पोताची माती. तिन्हींत काकडीचं एकाच पाकिटातलं बी टाका, आठ-दहा दाणे तरी असू देत. पाणी, ऊन सारखं ठेवा. पंधरा-वीस दिवसांत बांधाच्या मातीतलं रोप उंच, सुटसुटीत होतं. संशयित मातीतलं रोप जमिनीला टेकून, गडद हिरव्या जाड पानांचं राहिलं तर संशय पक्का होतो. आता त्या दोन संशयित कुंड्यांपैकी एकीवर जीए, म्हणजे बाजारात मिळणारं जिबरेलिक ॲसिड, फवारा. तिच्यातली रोपं आठवड्याभरात लांबायला लागली आणि दुसरीतली तशीच बसून राहिली, तर अडसर जिबरेलिनचाच आहे. क्षार, तणनाशक किंवा सूत्रकृमीनं आखडलेलं रोप जीएला असं उत्तर देत नाही.

हीच परीक्षा झाडावरही घेता येते. शेंड्याचा डोळा फुगलेला असताना एकाच फांदीवर, बाकीच्यांना कागद धरून, १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग) जीए फवारा आणि फांदीला रंगीत फीत बांधा. येणारी पालवी शेजारच्या फांद्यांपेक्षा लांब आली तर निदान आणि इलाज दोन्ही एकदमच सापडले. थंडीत ही परीक्षा घेऊ नका. तेव्हा आंबा तसाही पालवी फेकत नाही आणि निकाल फसवा येतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे किंवा पावसाच्या सुरुवातीला घ्या.

जीए सांगलीकराला शिकवायची गरज नाही. तरी आंब्यासाठी म्हणून: १ ग्रॅम जीए थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून १० लिटर पाण्यात टाकलं की १०० पीपीएम, २० लिटरमध्ये ५० पीपीएम. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात जीए लवकर निकामी होतं. द्राक्षाला करतो तसं सायट्रिक ॲसिडनं सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास आणून मग त्यात जीए घाला. फवारणी संध्याकाळी, द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

उपाय कोणत्या क्रमानं

औषध नुकतंच, आठवड्याभरात पडलं असेल तर वेळ दवडू नका. हे रसायन पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला साधारण २५ मिलीग्रॅमच्या आसपास, आणि मातीच्या कणांना, विशेषतः सेंद्रिय पदार्थाला धरून राहतं. त्यामुळे सुरुवातीला ते ओतलेल्या जागीच वरच्या थरात असतं. मुळं न दुखवता आळ्यातली वरची माती खरवडून काढा, भोकं पाडली असतील तर भोकांभोवतालची ओंजळभर माती उचला आणि ती बागेबाहेर, विहीर-ओढ्यापासून लांब, जिथं पीक घ्यायचं नाही अशा जागी टाका. बांधावर टाकून पुन्हा तीच माती दुसऱ्या रोपाला ओढू नका. जागा नव्या मातीनं आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतानं भरा.

‘धो धो पाणी सोडून धुऊन काढतो’ हा विचार सगळ्यांना सुचतो. वरचाच आकडा धरून हिशोब करा: १ ग्रॅम रसायन नुसतं विरघळायला ४० लिटर पाणी हवं, आणि मातीनं धरलेलं सोडवायला त्याच्या कितीतरी पट. मुरमाड, उताराच्या रानात पावसाळ्यात भरपूर पाणी जिरलं तर हळूहळू फरक पडतो. काळ्या रानात मात्र आळं तुंबवून ठेवलं की पांढरी मुळी गुदमरते आणि बुंध्याशी बुरशी येते. तिथं पाणी वाफसा सांभाळूनच द्या.

जुना दोष असेल तर मातीपेक्षा झाडाकडे लक्ष वळवायचं. पालवी फुटायच्या बेतात असताना ५० ते १०० पीपीएम जीएची फवारणी, पंधरा दिवसांनी गरज वाटली तर दुसरी. सगळ्या बागेवर एकदम करू नका. चार-पाच झाडांवर करून पालवी बघा. पेरं सरळ वाढली की पुरे. गरजेपेक्षा जास्त जीएनं कोंब लुळा, फिकट आणि वाऱ्याला मोडणारा येतो. मोठ्या, फळावरच्या झाडावर हा प्रयोग करायचा नाही, कारण जीएनं मोहोर दबतो. कोवळ्या झाडाला मात्र ते दबणं फायद्याचंच.

आलेला मोहोर हातानं खुडा. सांगायला सोपं आहे, करायला मन धजत नाही हे मला माहीत आहे. पहिल्या केशरचं कौतुक कुणाला नसतं? पण आखडलेल्या झाडाला त्या चार फळांची किंमत पुढच्या चार पालव्यांनी मोजावी लागते. मोहोर बोटभर असतानाच, सगळाच्या सगळा काढा.

खत जपून. गडद पान म्हणजे नत्र भरपूर आहे असं नव्हे, पण युरियाचा मारा करून बंद झालेली वाढ उघडत नाही. पालवीच्या वेळी थोडं थोडं नत्र, वर्षातून एकदा पाटीभर कुजलेलं खत आणि आळ्यावर पाचटाचं आच्छादन एवढं बस. उसाचं पाचट आपल्याकडे मुबलक आहे, ते जाळण्यापेक्षा इथं वापरा. बुंध्याला मात्र टेकू देऊ नका, वाळवी येते. आच्छादनाखाली पांढरी मुळी वाढते, नव्या थरात जाते, आणि औषधाच्या पट्ट्याबाहेर पडलेल्या मुळांवरच झाड खरं सावरतं.

छाटणी सगळ्यात शेवटी. जीएनंतर किंवा आपसूक एक पालवी सरळ आली, की मग वरचे झुबके त्या खालच्या निरोग्या वळीपर्यंत हलकेच कापा आणि फुटलेल्या कोंबांतले तीन-चार वेगवेगळ्या दिशांचे राखा. सरळ पालवी दिसायच्या आधी कात्री लावली तर कापलेल्या जागी पुन्हा झुबकाच येतो.

नर्सरीतून दोष घेऊन आलेल्या रोपाची गोष्ट जरा आशादायक असते. त्याच्याजवळचं औषध पिशवीतल्या मातीपुरतं मर्यादित असतं. लावताना गोळ्याची बाहेरची माती सैल करून मुळं मोकळी केली, गुंडाळलेली मुळं कापली आणि खड्डा स्वच्छ असला, की वर्षभरात बहुतेक रोपं सावरतात.

नांगी भरताना पुढच्या वेळी

खड्डा १ मीटर लांब, रुंद आणि खोल घ्या आणि त्यातली वरच्या हातभर थरातली माती परत आत टाकू नका. बाहेरची माती, शक्य असेल तर कधीही फळबाग नसलेल्या रानातली, शेणखतात मिसळून भरा. आधी त्या नांगीच्या चारी बाजूंच्या मातीची काकडीची चाचणी घ्या. काकडी आखडली तर त्या वर्षी नांगी रिकामी ठेवा. रिकामी नांगी डोळ्यांना खुपते, पण तिथं लावलेलं कलम दोन वर्षं आखडून बसण्यापेक्षा एक वर्ष थांबून लावलेलं पुढे जातं.

आळवणीच्या आदल्या दिवशी बागेतून स्वतः चक्कर मारा आणि दहा वर्षांखालच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला लाल फडकं बांधा. चुन्याची खूण पावसात जाते, म्हणून फडकंच. गड्याला एकच सूचना: लाल दिसलं की पुढं जायचं, आणि त्याच्या लगतच्या झाडाला त्या बाजूची भोकं सोडायची. मोठ्या झाडांचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्हीकडून मोजून सरासरी काढा आणि झाडाचा क्रमांक, व्यास, मिली, तारीख वहीत लिहा. दरसाल औषध घेणाऱ्या झाडांची पालवी आधीच आखूड येत असेल, तर त्यांचा डोस कमी करा किंवा एक वर्ष चुकवा. मागची शिल्लक काम करतच असते. जमिनीचा पोतही बघा. जत-आटपाडीच्या हलक्या मुरमाड रानात तोच डोस जास्त जोरात लागतो, कृष्णाकाठच्या काळ्या रानात तो जास्त दिवस रेंगाळतो. औषधाचं मोजपात्र आणि पंप वेगळे ठेवा. त्याच पंपानं रोपांवर टॉनिक मारायचं नाही.

आखडलेलं झाड ठेवायचं की काढायचं, हा निर्णय एका पावसाळ्यावर घाई करून घेऊ नका. जीए दिल्यानंतर आणि मोहोर खुडल्यानंतर पुढच्या वर्षभरातल्या पालव्या उलट्या क्रमानं वाचा. प्रत्येक पालवी आधीच्यापेक्षा थोडी का होईना लांब येत असेल तर झाड सावरतंय, त्याला हात लावू नका. वर्षभरात एकही पालवी सरळ आली नाही, कलमाच्या जोडाजवळ बुंधा फुगला आहे पण वर उंची नाही, आणि काकडी अजूनही आखडते आहे, तर झाड काढा, खड्डा उघडा ठेवून एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, आणि नवं कलम त्याच जागी न लावता ओळीत दोन-तीन फूट सरकवून लावा.